गुरुवारची न संपणारी कादंबरी

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. आमचं भांडण एवढंच होतं, पण वर्षभर चाललं. मी शनिवारी संध्याकाळी झाशीहून ग्वाल्हेरला यायचे, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायचे, "काय ठरलं?" आणि ती म्हणायची, "ही कादंबरी संपू दे, मग बघू."

कादंबरी मीच आणून दिली होती. पुण्याला एका लग्नाला गेले होते, परतीच्या प्रवासासाठी स्टेशनाजवळच्या दुकानातून उचलली. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर स्कूटर. केक करणारी एक फटकळ मुलगी, कुत्र्यामांजरांचा डॉक्टर असलेला एक मुलगा. दलालाच्या घोळामुळे दोघांना एकच फ्लॅट भाड्यानं मिळतो, मग भांडणं, गैरसमज, रुसवे, शेवटी लग्न. भोपाळ यायच्या आत माझी वाचून झाली. मला असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि कोण कोणावर प्रेम करतं याच्या चौकशा मी करत नाही. आईला म्हटलं, घे, तुझ्या बायकांना वाचून दाखव, हसतील तरी.

तिच्या बायका म्हणजे गुरुवारच्या. लष्कर भागातल्या चार-सहा मराठी बायका दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे जमतात. आधी आई त्यांना पोथी वाचून दाखवायची. पोथ्या सगळ्या वाचून झाल्यावर कथा-कादंबऱ्या आल्या, पण रीत पोथीचीच राहिली. पुस्तक चौरंगावर. पहिल्या पानाला हळदकुंकू. वाचन चालू असताना मधे बोलायचं नाही, आणि समाप्ती होईपर्यंत वाचणारीशिवाय कोणी पुस्तकाला हात लावायचा नाही. प्रेमाच्या विनोदी कादंबरीलासुद्धा हाच मान! मी हसायचे, पण त्या बायका हसत नव्हत्या. आईनं स्वतःचा एक नियम जोडला होता. वाचन झालं की प्रत्येकीनं आपलं मत द्यायचं, आणि मतात एक तरी खोट काढायची. नुसतं "छान, छान" म्हटलं तर चहा मिळायचा नाही.

बाबा गेल्यापासून आईचा सगळा जीव त्या गुरुवारात होता. म्हणून मीही फार ताणत नव्हते. पुस्तक बारीकसं, महिन्याभरात संपेल असा माझा हिशोब. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले, कादंबरी चालूच.

मला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं ते टोपी बाजारात. साडीला फॉल घ्यायला गेले होते, तिथं सराफ्यातल्या मामी भेटल्या. सख्ख्या मामी नव्हेत, सराफा बाजारामागच्या गल्लीत राहतात म्हणून आमच्याकडे सगळे त्यांना तसं म्हणतात. माझा हात धरून त्यांनी मला दुकानाच्या पायरीवरच थांबवलं.

"अगं, काय किताब आणलीस तू! मी तर बिल्कुल गुरुवारची वाट बघते. तो सायकल घेऊन निंबाखाली उभा राहतो ना, घंटीपण नाही वाजवत. मतलब, उभाच! मला तर इथं असं होतं." त्यांनी छातीवर हात ठेवला.

"सायकल?" मी म्हटलं. "स्कूटर असेल, मामी."

"सायकलच गं. काळी. आणि चेन पडते तिची सारखी."

पुस्तकात सायकल नव्हती. निंबाचं झाड तर नव्हतंच. पण मामींचं वय झालं, दुपारच्या मालिका आणि कादंबरी यांची खिचडी झाली असेल म्हणून मी सोडून दिलं. गंमत म्हणून विचारलं, "आणि खोट काय काढली तुम्ही?"

मामी लगेच म्हणाल्या, "ती मुलगी बोलत का नाही? सगळं समोर होतंय आणि तोंड शिवून बसते. मला हिचा राग येतो."

आता त्या कादंबरीतल्या मुलीचं तोंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बंद होत नाही. मी फॉलचे पैसे दिले आणि घरी आले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलण्यात चोख. त्यांना मुद्दाम विचारलं, कशी आहे कादंबरी.

"लांबली आहे जरा, पण संपू नये असं वाटतं," काकू म्हणाल्या. "फक्त त्या बापाचा मला इतका संताप येतो ना! पोरगा आईला घेऊन दारात आलाय आणि हा माणूस साधं 'बसा'पण म्हणत नाही. पेपर वाचतोय! कानाखाली द्यावीशी वाटते."

पुस्तकातला बाप नाशिकला असतो, गुटगुटीत, आणि शेवटी वरातीत नाचतो. मी वर गेले. दुपार होती, आमचं दार अर्धवट उघडं होतं. हल्ली ते नेहमीच तसं असायचं, वारा येतो म्हणून. मी पेपर घेऊन खिडकीखालच्या दिवाणावर बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तिथून ऊठ जरा," ती म्हणाली.

"का?"

"ऊठ म्हटलं ना."

मी उठले. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिवाणाकडे बघत होती. मग आत गेली आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक मला दिला. दुसरा दिवाणाशेजारच्या स्टुलावर ठेवला. तिला वाटलं असेल आपण स्वतःसाठी आणला, आणि विसरली. मी असं स्वतःला सांगितलं, पण त्या खोलीत बसावंसं वाटेना. सोमवारी पहाटेच्या गाडीऐवजी त्याच संध्याकाळच्या गाडीनं झाशीला परत गेले, पेपर तपासायचेत असं खोटंच सांगून.

त्या आठवड्यात इंदरगंजच्या वहिनींचा फोन आला. गुरुवारच्या बायकांतल्या या सगळ्यात तरुण. फोन दुसऱ्याच कामासाठी होता, पण गाडी कादंबरीवर आलीच.

"ताई, कालचं तर सुनून माझ्या अंगावर काटा आला. ते कपांचं! सोच, घरी लग्नाची बात करायला आलेत लोक, आणि त्यांना चहा बाहेरच्यांच्या कपांत देतात. ते शिंकाळ्याखाली वेगळे ठेवलेले, निळ्या काठाचे. आणि त्या मुलाच्या आईला समजतं. ती कप उलटा करून बघते आणि हसते फक्त. किती भारी लिहिलंय ना? लिखनेवालीला कुठून सुचलं असेल?"

 पलीकडून "हॅलो, ताई, हॅलो" चालू होतं.

निळ्या काठाचे कप आमच्या घरात होते. ते शिंकाळ्याखाली असायचे आणि बाहेरच्यांसाठी असायचे. आमचे पूर्वज दरबारात पुरोहित होते, त्या सायकलवाल्या मुलाचे फौजेत. दोन्ही घराणी एकाच दख्खनेतून एकाच लष्करामागून इथं आलेली, पण बाबांच्या लेखी तो बाहेरचा. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. तो काळी सायकल घेऊन निंबाखाली उभा राहायचा आणि खरंच घंटी वाजवायचा नाही. एकदा त्याच्या आईला घेऊन घरी आला. बाबांनी पेपर खाली ठेवला नाही. चहा त्या कपांतून गेला. त्याच्या आईंनी कप उलटा करून पाहिला आणि त्या हसल्या. हे सगळं स्वयंपाकघराच्या पडद्यामागून दोघींनी पाहिलं होतं, आईनं आणि मी. त्या दिवसानंतर आमच्या घरात त्यावर एक शब्द निघाला नाही. बाबा गेले, त्याच्या आई गेल्या. तो आहे, धडधाकट आहे, दुसऱ्या गावी असतो, टक्कल पडलंय असं ऐकते. आणि आता सराफ्यापासून इंदरगंजपर्यंतच्या बायका माझ्यात खोट काढत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी कोणाला कळू दिलं नाही, आणि ही बाई माझं सगळं चव्हाट्यावर मांडते? तेही चहाबरोबर? मी रजा टाकली आणि पुढच्या गुरुवारी न सांगता ग्वाल्हेर गाठलं.

पोचले तेव्हा वाचन सुरू झालं होतं. दार अर्धं उघडं. मी चपला काढून हळूच आत आले. बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या, गुडघ्याला गुडघा लावून, आणि खिडकीखालचा दिवाण रिकामा. बँकेतल्या काकूंचे गुडघे किती दुखतात मला माहीत आहे. तरी त्या खाली. मी दिवाणाकडे वळले तर काकूंनी माझ्या साडीचा पदर ओढला. बोलायचं नाही म्हणून नुसती मान हलवली, तिथं नको. बाकीच्यांनीही माझ्याकडे तसंच पाहिलं. नंतर मी त्यांना विचारलं, का बसत नाही तुम्ही तिथं? काकू म्हणाल्या, "काय माहीत. तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही. पण बसवत नाही बुवा."

मी आईच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिले. तिचा आवाज खणखणीत होता. ओळीवरून बोट फिरत होतं, पान संपलं की ती ते उलटत होती. तो दारात उभा आहे, ती वाचत होती, ऊन त्याच्या पाठीवर आहे, कॉलर भिजली आहे, ती दिवाणावर बसून नखानं चादरीचा दोरा काढते आहे. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

चौरंगावर पुस्तकाचं शेवटचं पान उघडं होतं. त्याच्यावर त्याच प्रकाशनाच्या दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती होत्या. आई त्या जाहिरातींवरून बोट फिरवत होती आणि माझा हिरवा पंजाबी ड्रेस वाचत होती. मग ते पान उलटून तिनं मलपृष्ठ वाचलं, त्यावर काही छापलेलंच नव्हतं. मग पुस्तक बंद करून पुन्हा पहिल्यापासून उघडलं, सवयीनं, न अडखळता. समोरच्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या. पोथीच्या पुस्तकात कोण डोकावतं! माझा राग कुठल्या कुठे गेला.  आईला एक अक्षर दिसत नव्हतं, किती दिवसांपासून कोण जाणे, आणि मी दर शनिवारी तिच्या हातचं जेवून जात होते.

बायका गेल्या. दिवेलागण झाली, मी दिवा लावला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आई, तू काय वाचतेस?"

"कळलं का तुला?" ती म्हणाली. घाबरली नाही, लाजली नाही. "दिसतं ते वाचते."

"तुला दिसत नाहीये, आई."

"पुस्तक नाही दिसत. ते दिसतात."

मग तिनं सांगितलं. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर तिला भिंतीवर जाळी दिसू लागली, मग वेलबुट्टी, मग एका दुपारी दिवाणावर एक मुलगी बसलेली दिसली. अगदी स्वच्छ, बाकी सगळं धुरकट आणि तेवढीच स्वच्छ. ओळखायला वेळ लागला नाही, पोटची होती. काही दिवसांनी दारात तो दिसला. पुस्तकातली अक्षरं पुसत गेली तसे हे दोघं गडद होत गेले. गुरुवार मोडायला नको म्हणून तिनं त्यांचंच वाचायला घेतलं.

"बोलतात का ते?"

"ओठ हलत नाहीत. मी बोलते त्यांच्याऐवजी."

"मग एवढे महिने करतात काय?"

"काही नाही. तू बसून असतेस. तो येतो आणि दारात थांबतो. आत येत नाही ना. तुझे बाबा आहेत तिथं."

मी चटकन बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. "बाबा दिसतात तुला?"

"नाही," आई म्हणाली. "पण तो त्यांच्याकडे बघतो."

मेलेल्या माणसांची भुतं मी ऐकली होती. मी जिवंत असताना माझंच भूत आमच्या दिवाणावर बसतं, माझा टाकून दिलेला ड्रेस घालून, हे ऐकून मी दिवाणापासून लांब सरकले. आणि खरं सांगते, मला तिचा हेवाही वाटला. आई तिच्याकडे किती प्रेमानं बघत होती!

दुसऱ्या दिवशी मी आईला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण होते, समजूतदार होते. सगळं ऐकून घेतलं, तपासलं. म्हणाले, नजर फार कमी झाली की काही लोकांना असं दिसतं. डोळ्यांकडून काही येत नाही म्हणून मेंदू आपल्याकडची चित्रं दाखवतो, यात वेड नाही. पण मोतीबिंदू इतका पिकला आहे की आत फुटला तर डोळ्याचा दाब वाढेल. "माताजी, अब और रुकेंगी तो फिर हमारे हाथ में कुछ नहीं रहेगा."

आईनं विचारलं, "डॉक्टर साहब, आँख ठीक हो गई तो वो दोनों चले जाएँगे?"

"जी, ज़्यादातर चले जाते हैं।"

आई उठली. "मग त्यांचं लग्न लागल्याशिवाय नाही," ती मला मराठीत म्हणाली आणि चाचपडत दार शोधू लागली.

घरी येईपर्यंत मी रिक्षात दात ओठ खात बसले. दार लावलं आणि फुटले. "तेव्हा लावायचं होतंस लग्न! तेव्हा डोळे चांगले होते ना तुझे? पडद्यामागे उभी राहिलीस. कप तूच भरलेस! आणि आता आंधळी व्हायला निघालीस, कोणासाठी? जी नाहीच तिच्यासाठी? मी आहे ना इथं. माझ्याकडे बघ."

"बघता येत असतं तर बघितलं नसतं का," आई म्हणाली. मग पदर खांद्यावर ओढून घेत, "तेव्हा माझं कोण ऐकत होतं गं. आता निदान या घरात मी वाचते ते सगळ्या ऐकतात. पण मला पुढचं सुचत नाही. तो आत येतच नाही. मी किती खटपट केली. नुसतं लग्न झालं असं वाचून टाकलं असतं, पण समोर ते दोघं तसेच, मग खोटं कसं वाचू?"

मी रडले. तिच्यासमोर रडले तरी तिला दिसणार नव्हतं, म्हणून आवाज न करता मनसोक्त रडले. तिची नजर दिवाणाकडे होती. ती म्हणाली, "हिला काय झालं आज? तोंड फिरवून बसली आहे." 

मी रजा वाढवली, कादंबरी संपल्याशिवाय इथून हलणार नाही असं आईला सांगितलं. पुढच्या गुरुवारी समाप्ती असं आईनं बायकांना कळवलं. मोठ्या हिमतीनं कळवलं, कारण शेवट काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी शिरा केला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, मामींनी वाटीत अक्षता आणल्या, पोथीच्या समाप्तीला आणतात तशा. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन आणि आमच्या खोलीत मात्र गारवा. दार अर्धं उघडं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मी कधीकाळी जिथं उभी होते तीच जागा, फक्त पडदा आता नव्हता.

आईनं वाचायला घेतलं. तो आला. सायकल भिंतीला लावली. आज त्याची आई बरोबर नाही, एकटाच आहे. दारात थांबला. आई पान उलटत गेली, पुढे सरकेना. तो थांबला आहे. त्यानं चपला काढल्या आहेत. तो थांबला आहे. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आईच्या कपाळावर घाम आला. मग बोट पानावर थबकलं आणि ती बोलायची थांबली. गुरुवारच्या वाचनात असं कधी झालं नव्हतं.

 खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. आईनं दिवाणाकडे मान वळवली आणि अगदी हळू, वाचनाचा आवाज सोडून, घरातल्या आवाजात म्हणाली, "सांग ना गं, काय करू? आता मला नाही जमत."

मला वाटलं होतं मी काही बोलणार नाही. मधे बोलायचं नाही ही रीत, आणि तिनं मला विचारलंही नव्हतं. पण मी एक पाऊल पुढे टाकलं. "आत घे त्याला," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "बाबांना काय वाटायचं ते वाटू दे. मला तो हवा आहे. आत घे त्याला, आई."

एकाही बाईनं मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या दिवाणाकडे बघत होत्या, आईसारख्याच. मी त्यांच्या मागून बोलले, पण आवाज पुढून आला असावा अशा त्या बघत होत्या.

"बोलली," आई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. मग तिनं पुन्हा पुस्तकावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. दिवाणावरची ती मुलगी उठली. चादर सारखी केली. दारापर्यंत गेली. त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ये. तो उंबरा ओलांडून आत आला. आमचं दार त्या वेळी थोडं आत सरकलं. वारा असेल. मी ते बघितलं, मामींनीही बघितलं, कारण त्यांनी पटकन वाटी उचलली.

लग्न आईनं थोडक्यात वाचलं. मंगलाष्टकं नाहीत, वरात नाही. दोघं दिवाणावर शेजारी शेजारी बसले, एवढंच. मामींनी अक्षता टाकल्या, मग सगळ्यांनी टाकल्या. चौरंगावर नाही, पुस्तकावर नाही, रिकाम्या दिवाणावर टाकल्या, कोणी सांगितलं नसताना.

मग मतं झाली. बँकेतल्या काकू डोळे पुसत होत्या, त्यांना खोट सापडेना. वहिनी म्हणाल्या, "मला तर पुन्हा सुरूसे ऐकायची आहे." मामींनी वाटी पदरानं पुसली. "खोट म्हणशील तर उशीर झाला जरा," त्या म्हणाल्या. "बाकी छान."

त्यांना ठाऊक होतं का? आजही मला सांगता येत नाही. शिरा खाऊन, नेहमीसारख्या गप्पा मारून त्या गेल्या. आईनं पुस्तक मिटलं. "कधी करायचं ऑपरेशन?" तिनं विचारलं.

आधी एकाच डोळ्याचं करायचं ठरलं. दाब वाढल्याची शंका होती म्हणून एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. दवाखाना इंदरगंजजवळ, म्हणून सोबतीला वहिनी थांबल्या आणि त्यांनी हट्टानं मला घरी पाठवलं. मी घरात दिवाणाकडे पाठ करून झोपले. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. घर फार रिकामं वाटलं.

सकाळी चहाचा थर्मास घेऊन गेले. पट्टी आधीच काढली होती. वहिनी औषधं आणायला खाली गेलेल्या. आई खाटेवर नीट बसली होती, केस विंचरलेले, आणि दाराकडेच बघत होती. मी आत आले. तिनं माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी पाहिलं. माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, गळ्याखालची सैल कातडी पाहिली. तिची नजर माझ्या सगळ्या अंगावरून फिरली आणि मग माझ्या खांद्यावरून मागे गेली, दाराकडे. तिथं ती जरा वेळ थांबली.

"एकटीच आलीस?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "एकटीच आले."

डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं. पण आई रडायला लागली, आणि मी तिला थांबवलं नाही.